आधी क्षमा, मग हिशेब

वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंतच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी आठ या अंकात घेतली आहेत. विषय एकच ठेवला आहे : हातून घडलेले मागे टाकून ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने पुन्हा उभे राहणे, आणि उभे राहिल्यावर करायचे काय. पत्रलेखकांची नावे, वाड्या आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. उत्तरे धर्मगुरू, पाळक आणि समुपदेशक यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मी आठ सीझन एकाच ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, होतो. विक्रीला माल काढण्याआधी पापलेट नाहीतर सुरमईची एक पाटी बाजूला ठेवायचो आणि दुसऱ्या व्यापाऱ्याला रोखीत द्यायचो. मालकाला माहीत नाही, खलाशांनाही नाही. आता बोट सोडली आहे. अकरा वर्षांत कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, गेलेलो नाही. फादरना सांगितले की सुटलो का? की सगळे पैसे परत केल्याशिवाय क्षमा नाही? (मालवण तालुका)

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, क्षमा आणि परतफेड. त्या आधी सोडवू.

क्षमा विकत मिळत नाही, त्यामुळे ती हप्त्याने फेडायचीही नसते. लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरायला जातो. ‘अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांचे लुबाडले त्यांना चौपट परत करतो’ हे जक्कय म्हणतो ते येशूने घरी उतरायचे ठरवल्यावर, त्याआधी नव्हे. हा क्रम उलटा लावला की माणूस वर्षानुवर्षे कुमसाराच्या दारापर्यंत जातो आणि ‘पैसे जमले की येईन’ म्हणून मागे फिरतो. तुमचे तेच झालेले दिसते.

कॅथलिक पद्धतीत या संस्काराचे चार भाग असतात : मनापासून पश्चात्ताप, पापांचे निवेदन, धर्मगुरूंनी उच्चारलेली क्षमा आणि प्रायश्चित्त. पैसे पूर्ण फेडण्याआधी क्षमा मिळू शकते. मात्र फेडण्याचा खरा इरादा तेव्हा मनात हवा. ‘देणार नाही, पण माफ करा’ असे असेल तर फादर क्षमा देऊ शकत नाहीत, कारण तो पश्चात्तापच नव्हे.

तयारीला घरी अर्धा तास बसा. आत जाऊन ‘फादर, चोरी केली’ एवढे पुरत नाही. गंभीर पापाचा प्रकार आणि अंदाजे संख्या सांगायची असते. ‘शेवटचे कुमसार अकरा वर्षांपूर्वी. तांडेल असताना आठ सीझन, महिन्याला साधारण दोनदा, सगळ्यांच्या वाट्यातली मासळी लपवून विकली.’ बस, इतके. मालक पण डिझेलच्या बिलात लबाडी करायचा, हे तिथे बोलू नका. ते खरेही असेल, पण ते त्याचे कुमसार आहे. रविवारी मिसेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आधी दहा मिनिटांत हे उरकायचा प्रयत्न करू नका, मागे रांग असते. आठवड्यातल्या दिवशी वेळ मागून घ्या. शब्द आठवले नाहीत तर तसे सांगा, फादर पुढे नेतात.

आता हिशेब. मालवण-देवगडकडे वाट्याची पद्धत बोटीगणिक वेगळी असते, तेव्हा तुमच्या बोटीची जी होती तीच धरा. समजण्यासाठी एक उदाहरण. सीझन दहा महिन्यांचा, महिन्याला दोन पाट्या, पाटीला सरासरी 2,000 रुपये : सीझनला 40,000, आठ सीझनचे 3,20,000. खर्च वजा जाता निम्मे मालकाचे आणि निम्मे खलाशांचे असे ठरलेले असेल, तर मालकाचे 1,60,000 झाले. उरलेल्या निम्म्याचे वाटे : सहा खलाशी एकेक वाटा, तांडेल दोन, एकूण आठ. म्हणजे वाट्याला 20,000. तुमचे स्वतःचे दोन वाटे, 40,000, तुम्ही कोणाचे चोरलेले नाहीत. देणे उरले 2,80,000. खर्च पाट्यांतून वजा करायचा नाही, डिझेल आणि बर्फ बाकीच्या मालातून आधीच कापले गेले होते.

खलाशी दरवर्षी तेच नसतात, म्हणून माणसागणिक मोजा. वाट्याला सीझनचे 2,500 पडतात. जो तीन सीझन होता त्याचे 7,500, जो एकच होता त्याचे 2,500. वहीच्या पानावर डाव्या बाजूला नाव, मधे सीझन, उजवीकडे रक्कम, आणि शेवटचा रकाना ‘दिले’साठी कोरा. जुन्या करारात गणनाच्या पाचव्या अध्यायात मुद्दलावर पाचवा हिस्सा जास्त देण्याचा नियम आहे. तो आज ख्रिस्ती माणसावर कायदा म्हणून लागू नाही, पण इतक्या वर्षांत पैशाची किंमत उतरली आहे याचा हिशेब म्हणून वाजवी आहे. झेपले तर द्या. जक्कयाची चौपट त्याने स्वतःहून सांगितली होती, ती तुमच्याकडे कोणी मागत नाही.

आधी खलाशांचे फेडा. मालकाला 1,60,000 उशिरा मिळाले तर चालतील. नेपाळला किंवा कर्नाटकात परतलेल्या खलाशाला 7,500 म्हणजे घरचे छप्पर आहे. त्यांचे नंबर खलाशी पुरवणाऱ्या माणसाकडे किंवा जुन्या सोबत्यांकडे मिळतात. कोणी वारला असेल तर ते पैसे त्याच्या बायकामुलांचे. खूप शोधूनही जो सापडत नाही, त्याच्या वाट्याचे गरिबांना द्यावेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, माणसे घरी सापडतात. तोंडी हिशेब मिटवायला तेच दिवस बरे.

इथे फसतात ते असे. पहिली चूक म्हणजे चर्चच्या पेटीत मोठी रक्कम टाकणे, फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) खर्च उचलणे, क्रूसाला चांदीचे काही करणे. खलाशाचे पैसे दान करायचा तुम्हाला अधिकारच नाही. दुसरी, घरात न सांगता फेड सुरू करणे. तीन महिन्यांत बायकोला पैसे गायब होताना दिसतात आणि तिच्या मनात भलताच संशय येतो. तिसरी, चारचौघांत मालकाच्या पायावर जाऊन पडणे. स्वतःची बदनामी करण्याचे बंधन चर्च घालत नाही, परत करण्याचे घालते. नाव न सांगता, दुसऱ्यामार्फत परत केले तरी फेड होते. लेखी कबुली देण्याआधी मात्र वकिलाशी बोला.

फादरना मध्यस्थ करायचे असेल तर एक बारकावा आहे. कुमसारात ऐकलेले धर्मगुरू कुठल्याही कारणाने बाहेर काढू शकत नाहीत. तुमच्याशीसुद्धा ते आपणहून बाहेर तो विषय काढणार नाहीत. तेव्हा कुमसार झाल्यावर, नंतर कधीतरी, चर्चच्या ऑफिसात बसून तीच गोष्ट पुन्हा सांगा आणि पाकीट पोचवाल का असे विचारा. नाहीतर ‘फादरना सगळे माहीत आहे, ते बघतील’ म्हणून तुम्ही वाट पाहत राहाल आणि ते गप्प राहतील.

प्रश्न : परदेशात जहाजावर आहे. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर पापनिवेदन चालते का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. धर्मगुरू आणि निवेदन करणारा समोरासमोर, एका जागी लागतात. फोनवर सल्ला घ्या, प्रार्थना करा, पण संस्कार होत नाही. बंदराला लागलात की ‘स्टेला मारिस’ची चौकशी करा. खलाशांसाठी काम करणारी ही कॅथलिक संस्था पुष्कळ मोठ्या बंदरांत आहे. तोवर एक्कावन्नावे स्तोत्र रोज म्हणा. देवावरच्या प्रेमापोटी केलेला पश्चात्ताप आणि मिळेल तेव्हा कुमसार करण्याचा निश्चय असेल तर क्षमा तोवर खोळंबत नाही, हीही चर्चचीच शिकवण आहे.

प्रश्न : मुलगा चौतीस वर्षांचा. दरवर्षी रिट्रीटला (प्रार्थनेच्या शिबिराला) जातो, रडतो, शपथ घेतो, दारू सोडतो. दोन महिन्यांत पुन्हा सुरू. या वेळी तिथे तीन दिवस उपास केला आणि त्याला फिट आली. त्याचा पश्चात्ताप खोटा आहे का? माझ्या प्रार्थनेत काही कमी पडते का? (रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. आणि फिट आली ती सैतानामुळे नव्हे, दारू एकदम तोडल्यामुळे आली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

रोज, बरीच वर्षे पिणाऱ्याचे शरीर दारू धरून चाललेले असते. शेवटच्या पेल्यानंतर सहा-बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओळखत नाही, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. त्यात उपास, म्हणजे पाणी कमी, मीठ कमी, बी-1 जीवनसत्त्व आधीच संपलेले. मग घरी आणून ग्लुकोजचे पाणी पाजतात. तेही आंधळेपणाने करू नये, अशा रुग्णाला बी-1 म्हणजे थायमिन आधी किंवा सोबत लागते, आणि ते डॉक्टरच ठरवतात.

त्यामुळे पुढच्या खेपेला क्रम बदला. सोडण्याची तारीख ठरवण्याआधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, पूर्वी फिट आली होती हे आठवणीने सांगा. पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखाली काढा. रिट्रीट त्यानंतर, आणि तिथेही उपास नको. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची 14446 ही हेल्पलाइन आहे, जवळचे केंद्र तिथून कळते.

एक गोष्ट आमच्याकडे इतक्या घरांतून कानावर येते की स्पष्टच लिहितो. दारू सोडवण्याची पूड किंवा गोळी कळू न देता आमटीत मिसळू नका. त्यात डायसल्फिराम असले आणि माणूस त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध घेणाऱ्याच्या संमतीने, डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. ज्याला ते चालू आहे त्याने मिसेला फक्त भाकर घ्यावी, प्याला टाळावा. एका रूपातही ख्रिस्तप्रसाद पूर्णच असतो. प्रॉटेस्टंट मंडळीत प्रभुभोजनाला खरा द्राक्षारस आहे की साधा रस, हे पाळकांना आधी विचारावे.

आता पश्चात्तापाबद्दल. नव्या करारातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे मन फिरणे, विचाराची दिशा बदलणे. अश्रू हा त्याचा पुरावा नव्हे. दिशा बदललेला माणूस रस्ता बदलतो : जेट्टीवरच्या ज्या टपरीशी संध्याकाळी सात वाजता पाय वळतात तिथून न जाता दुसऱ्या वाटेने घरी येतो, पगार हातात न घेता बायकोच्या खात्यावर पाठवतो, पिणाऱ्या मित्राचा नंबर काढून टाकतो. रिट्रीटमध्ये रडणे होते, पण सोमवारची संध्याकाळ तशीच राहते. तिथे घसरण होते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली सोबतीची पद्धत आपल्याकडेही चालते. ती कुठल्या चर्चची नाही, फी नाही, नाव विचारत नाहीत. तिच्या बारा पायऱ्यांतली पाचवी म्हणजे आपल्या चुका देवापुढे, स्वतःपुढे आणि एका माणसापुढे कबूल करणे. आठवीत दुखावलेल्यांची यादी, नववीत शक्य तिथे थेट भरपाई, त्यातून कोणाला आणखी इजा होत नसेल तर. वरचे मालवणचे पत्र वाचलेत तर साम्य दिसेल. नवख्याला पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा सुचवतात. आपल्या तालुक्यांत रोज मीटिंग मिळणार नाही, ऑनलाइन मराठी-हिंदी मीटिंगा धरून ती संख्या गाठता येते.

आणि घसरला तर? त्याच रात्री भांडू नका, पिऊन असलेल्या माणसाशी बोलणे म्हणजे भिंतीशी बोलणे. दुसऱ्या दिवशी दुपारी विचारा : कुठे, कोणाबरोबर, त्याआधी काय झाले होते. मग डॉक्टर, मग कुमसार. पुन्हा गेला म्हणून कुमसार खोटे ठरत नाही. तुमच्यासाठी अल-अनॉन नावाचे घरच्यांचे गट आहेत. तुमच्या प्रार्थनेत काही कमी नाही, तुमची झोप मात्र नक्की कमी पडत असणार.

प्रश्न : नवरा मारतो. घरातले आणि चर्चमधले वडीलधारे म्हणतात, येशूने साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितले आहे, तू क्रूस उचल. माझी श्रद्धा कमी आहे का? (सावंतवाडी तालुका)

उत्तर : तो अध्याय त्यांनी अर्धाच वाचला आहे. मत्तय अठरा. सत्तर वेळांचे वचन बाविसावे, आणि त्याच्या वर, पंधरा ते सतरा या वचनांत लिहिले आहे : अपराध करणाऱ्याला त्याचा दोष दाखव, ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग, तिचेही ऐकले नाही तर त्याला परका समज. तुम्हाला गप्प बसायला सांगणारे ही तीन वचने गाळतात.

क्षमा म्हणजे सूड मनातून सोडणे. ती तुम्ही माहेरी राहून, वेगळ्या खोलीत, कुलूप लावूनही करू शकता. पुन्हा एकत्र नांदणे ही दोघांची गोष्ट आहे आणि तिला त्याच्या वागण्यातला बदल दिसावा लागतो. जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा कॅथलिक चर्चच्या कायद्यातही आहे (कलम 1153), त्याने विवाह मोडत नाही आणि ख्रिस्तप्रसादही बंद होत नाही.

आज करायचे : 181 या महिला हेल्पलाइनचा नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावाने सेव्ह करा, तातडीला 112. मार लागला की सरकारी दवाखान्यात दाखवा, ‘पडले’ असे सांगू नका, केसपेपर जपून ठेवा. आधार, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले आणि बाप्तिस्म्याची नोंद यांच्या प्रती शेजारणीकडे ठेवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. राहत्या घरात राहण्याचा हक्कही त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्यात कुमसार नाही. मन मोकळे करायचे असेल तर कोणाजवळ? (हर्णै परिसर)

उत्तर : याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, सोळावे वचन : एकमेकांजवळ पापे कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. बाणकोट-हर्णैकडे 1823 पासून स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम केले, तुमची मंडळी त्या वळणाची असेल तर हे वचन तुमच्या घरातलेच आहे, वापरात मात्र राहिलेले नाही. एकच माणूस निवडा, पाळक किंवा वयाने मोठा विश्वासू. नातेवाईक नको, देण्याघेण्यातला नको, प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली गोष्टी फिरवणारा तर नकोच. आधी विचारा : ‘हे तुमच्यापाशीच राहील का?’ पाळकाला कॅथलिक धर्मगुरूसारखे गुप्ततेचे बंधन सगळीकडे लिहून दिलेले नसते, त्यामुळे हा प्रश्न उद्धट नाही.

प्रश्न : मी हिंदू, वय सव्वीस. दोन वर्षांपूर्वी माझ्यामुळे एका मित्राचे फार मोठे नुकसान झाले. तेव्हापासून बायबल चाळतो आहे, येशूची ओढ वाटते. पण धर्म, नाव, घरचे सगळे बदलावे लागते का? सुरुवात कुठून करू? (गुहागर)

उत्तर : चाळू नका, वाचा. बायबल पहिल्या पानापासून सुरू केले की तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींत गाडी रुतते, बहुतेकांची तिथेच रुतते. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, चारांत सगळ्यांत छोटे, मोठ्याने वाचले तर दोन तासांच्या आत संपते. एका बैठकीत एकदा, मग रोज एक अध्याय असे सोळा दिवस. पुढे लूक, विशेषतः पंधरावा अध्याय : घर सोडून गेलेला मुलगा आणि घरातच राहून रागावलेला मोठा भाऊ. आपण त्यातले कोण, हे ठरवायला एक आठवडा द्या. नंतर योहान. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तके आणि कॅथलिक बायबलात 73, शुभवर्तमाने दोन्हींत तीच चार. त्यावरून वाद घालणारा भेटला तर ऐकून सोडून द्या.

मित्राचे जे झाले त्यासाठी बाप्तिस्म्याची वाट पाहू नका. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीवर दान ठेवताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुमच्याबाबतीत ‘आधी’ म्हणजे या महिन्यात. मित्र भेटायला तयार नसेल तर चार ओळींचे पत्र लिहा : मी काय केले, ते चूक होते, भरपाईला मी काय करू शकतो. ‘मला माफ कर’ हे शेवटचे वाक्य गाळा. ते लिहिले की ओझे त्याच्या डोक्यावर जाते.

नाव बदलावे लागत नाही. कवी नारायण वामन टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म 1861. त्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. नाव नारायणच राहिले, मराठी राहिली, अभंगांचे वळणही राहिले. त्या निर्णयाने घर किती वर्षे तुटले होते, हेही मराठी वाचकाला ठाऊक आहे, तेव्हा घाई नको. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी साधारण वर्षभर चालते आणि बाप्तिस्मा शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. जो कोणी ‘पुढच्या रविवारीच घे’ म्हणेल, नोकरी, पैसे किंवा लग्नाचे आमिष दाखवेल, त्याच्यापासून दूर व्हा.

कागदोपत्री परिणाम आधी समजून घ्या. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. वडिलोपार्जित हक्क धर्म बदलल्याने तुमचा जात नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारसा मिळण्यावर हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 26 मर्यादा घालते. धर्मांतराच्या कार्यपद्धतीचे चालू नियम वकिलाकडून समजून घ्या. आणि हे सगळे न करता रोज मार्क वाचून येशूच्या मागे चालणारी माणसेही कोकणात आहेत, त्यांना चर्चमध्ये मागच्या बाकावर कोणी उठवत नाही.

प्रश्न : सासूबाईंचे नऊ वर्षे केले, त्या गेल्या. मुलगे आखातात. मी एकसष्ट वर्षांची. सकाळी उठून कशासाठी उठले तेच कळत नाही. देवाला माझ्याकडून काय हवे आहे हे कसे ओळखायचे? (वेंगुर्ले)

उत्तर : आधी एक तपासा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नसेल, भूक नसेल, कशातच रस नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ती श्रद्धेची परीक्षा समजू नका. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) मराठीत बोलता येते. तसे नसेल तर पुढचे वाचा.

पाचारण आकाशवाणीसारखे ऐकू येत नाही, ते वहीत सापडते. संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी घालून दिलेली दिवसाची उजळणी रोज रात्री पंधरा मिनिटे करा. दोन मिनिटे गप्प बसून देवासमोर आहोत हे आठवणे. तीन मिनिटे आजच्या दिवसाचे आभार, मोघम नको, ‘लाइट गेली नाही, विहिरीला पाणी आहे’ असे. पाच मिनिटे सकाळपासून दिवस पुन्हा पाहणे. तीन मिनिटे चुकले त्याची क्षमा. दोन मिनिटे उद्याच्या एका कामाची मागणी. नंतर वहीत दोनच ओळी : आज कशाने जीव हलका झाला, कशाने जड. चार आठवडे काहीही निर्णय न घेता हे लिहा. मग लाल पेनाने ‘हलका’च्या ओळींत जे तीनदा-चारदा आले आहे त्याखाली रेघ मारा.

त्यातून एकच काम उचला : एका माणसाचे, ठरलेल्या वारी, चालत जाता येईल अशा अंतरावर. नऊ वर्षे आजारी माणूस सांभाळलेल्या बाईला येते ते नर्सिंग शिकलेल्या मुलीलाही सहज येत नाही : कूस कधी बदलायची, पेज किती पातळ, गोळ्या आधी की चहा. अंथरुणाला खिळलेल्या कोणाच्या घरी आठवड्यातून दोन तास बसा म्हणजे तिथल्या सुनेला बाजारात जाता येईल. नोव्हेंबरात म्हाताऱ्या पेन्शनरांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेणारे कोणी नसते, तेही बघा. चर्चच्या तीन समित्यांवर एकदम नाव मात्र घालू नका. तिथे रिकामपण भरल्यासारखे वाटते, आणि मेपर्यंत भांडण होते.

प्रश्न : भाऊ चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून परत आला आहे. तुरुंगात असताना बायबल वाचू लागला. चर्चमधले म्हणतात, रविवारी माईकवर साक्ष दे, म्हणजे आयुष्य कसे बदलले ते सगळ्यांना सांग. त्याला भीती वाटते. काय करावे? (देवगड)

उत्तर : साक्ष नको. निदान एक वर्ष नको. लोक टाळ्या वाजवतात, घरी जाऊन कपाटाची कुलपे तपासतात, आणि उद्या त्याचा पाय घसरला तर ‘तेव्हा तर मोठा रडला होता’ म्हणतात. नव्याने उभ्या राहणाऱ्या माणसाला हे झेपत नाही.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात येशूने आपला शिष्य पेत्र याला परत घेतल्याची हकिकत आहे. ती बारकाईने पाहा. रात्रभर जाळे टाकून हाती काही नाही, पहाटे जाळे भरते, मोजून 153 मासे. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर. कोळशाचा विस्तव हे शब्द योहानात आणखी एकाच ठिकाणी आहेत, अठराव्या अध्यायात, जिथे पेत्र शेकत उभा असताना येशूचा शिष्य आहेस का या प्रश्नाला ‘मी नाही’ म्हणाला होता. तोच धुराचा वास त्याला इथे पुन्हा आला असणार. येशू त्याला सगळ्यांसमोर भाषण करायला लावत नाही. आधी न्याहारी देतो. मग तीनदा विचारतो, नाकारले होते तितकेच वेळा, आणि दर वेळी उत्तर ऐकून काम सांगतो : माझी मेंढरे राख.

तुमच्याकडे त्याचे असे करा. पहिले काम रोख पैशाचे नसावे. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, काही हरवले तर पहिला संशय त्याच्यावर जाऊ नये म्हणून. जाळी तुणायचे, बर्फाच्या कारखान्यातले, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायचे. मजुरी आठवड्याला, तीही ठरलेल्या दिवशी. ऑडिट घ्यायला कोणी नको, फक्त एक माणूस हवा जो बुधवारी संध्याकाळी न चुकता चहाला बोलावील. जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सुटून आलेल्यांसाठी असलेल्या मदतीची चौकशी करा, सुटकेचा दाखला जवळ ठेवा. ज्याच्याकडे चोरी झाली त्याची भरपाई राहिली असेल तर हिशेब वरच्या तांडेलासारखाच, पण त्या घरी तो एकटा जाऊ नये. आधी फादर किंवा गावातला कोणी वडीलधारा जाऊन, त्यांना भेटायचे आहे का, एवढेच विचारून येऊ दे. नाही म्हणाले तर नाही.

आणि येत्या रविवारी त्याला मागेच बसू द्या. मिसा संपली की माईकऐवजी खुर्च्या उचलायला हाक मारा.